चित्रांतली माणसे आणि चिमणराव



वर्तमानपत्रांतील चित्रमालिकांची पात्रे पुष्कळदा खऱ्या माणसांवरून घेतलेली असतात. मूळ माणसाला त्याची काय किंमत मोजावी लागते, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

हँक केचम या अमेरिकन चित्रकाराला डेनिस नावाचा चार वर्षांचा मुलगा होता. त्याने एकदा आपल्या खोलीची पुरती धूळधाण केली आणि वैतागलेल्या आईच्या तोंडून निघालेल्या उद्गारावरून ‘डेनिस द मेनेस’ ही मालिका १९५१ साली सुरू झाली. कागदावरचा डेनिस पाच वर्षांचाच राहिला आणि जगाचा लाडका झाला. खरा डेनिस वाढला. १९५९ साली त्याची आई गेली, पुढे तो व्हिएतनामच्या युद्धावर गेला आणि बापलेकांत कायमचा दुरावा आला. आपले नाव आणि बालपण परक्यांच्या करमणुकीस लागलेले पाहणे त्या मुलाला सुखाचे झाले असेल, असे वाटत नाही.

उलट उदाहरणही आहे. टिनटिनचा जनक एर्झे याची १९३४ साली चांग चोंगरेन या चिनी विद्यार्थ्याशी गाठ पडली. चांगने त्याला चीनविषयीच्या ठरीव कल्पना टाकायला लावल्या. ‘ब्लू लोटस’मध्ये तो स्वतःच्या नावाने, टिनटिनचा मित्र म्हणून आला. पुढे दोघांची ताटातूट झाली ती १९८१ पर्यंत. मधल्या काळात एर्झेने त्याच चांगला हिमालयात शोधायला टिनटिनला तिबेटात धाडले! उसने घेतलेल्या माणसाचे ऋण असेही फेडता येते.

आपल्या वडोदऱ्यात हा प्रश्न एका प्राध्यापकाने निराळ्या रीतीने सोडवला. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) बडोदा कॉलेजात पाली शिकवीत. बौद्ध वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा. असा गंभीर विद्वान लिहू लागला तो पुण्यातल्या एका भित्र्या कारकुनाच्या तोंडून! चिमणराव स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. काऊ, मोरू, मैना आणि सोटा घेतलेला गुंड्याभाऊ सारे त्याच्या भोवती वावरतात. पण हसू होते ते मुख्यतः सांगणाऱ्याचे. ‘मी’ म्हणून लिहिले की वाचक लेखकालाच चिमणराव समजू लागतो. दुसऱ्या कोणा गरिबाकडे बोट दाखवण्याची सोयच उरत नाही. चिं. वि. हे ओळखून होते, असे मानण्यास हरकत नसावी.

चिमणराव चित्रमालिकेतला नव्हे, हे खरे. पण त्याला चेहरे मिळाले. १९४० साली मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घरोघरी पोचले. तेव्हापासून ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ उघडणाऱ्या पुष्कळांना प्रभावळकरांचाच आवाज ऐकू येतो. लेखकाचा आवाज मात्र पुस्तकातच आहे, आणि तो ऐकायला ग्रंथालयाचे कपाट उघडावे लागते.