उतरतां उतरतां परतणारें विमान

ऐन पावसाळ्यांत मुंबईस विमानानें येणाऱ्यांना हा अनुभव नवा नाहीं. खालीं घरांचीं छपरें स्पष्ट दिसूं लागतात, चाकें बाहेर आल्याचा आवाज होतो, आणि आतां जमीन लागणार इतक्यांत यंत्रें गर्जतात व विमान नाक वर करून पुन्हा ढगांत शिरतें. वैमानिकाचा खुलासा मात्र बऱ्याच वेळानें ऐकूं येतो. कारण आधीं विमान सांभाळावयाचें, मग नियंत्रकास कळवावयाचें, आणि प्रवाशांचा क्रम त्यानंतरचा. या क्रियेस वैमानिक 'गो-अराउंड' म्हणतात. आपण तिला पुनरुड्डाण म्हणूं.

हें करावें लागण्याचीं कांहीं कारणें अगदीं साधीं आहेत. पुढचें विमान धावपट्टीवरून अजून दूर झालेलें नसतें. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळें व्यवहारांत एका वेळीं एकच उपयोगी पडते, आणि जरा खोळंबा झाला कीं मागच्यास वर जावें लागतें. पावसाधुक्याचें तसेंच. यंत्रांच्या मार्गदर्शनानें उतरण्याच्या सर्वसाधारण पद्धतींत जमिनीपासून सुमारें २०० फुटांवर निर्णयाची उंची ठरलेली असते. तेथवर दिवे किंवा धावपट्टी दिसली नाहीं, तर तर्कावर भरंवसून खालीं जाण्याची मुभा वैमानिकास नाहीं.

परंतु सर्वांत महत्त्वाचें कारण निराळेंच आहे. विमानानें साधारणतः तीन अंशांच्या उतारानें खालीं यावें, आणि ढगाळ हवेंत निदान १००० फुटांवर असतांना त्याचा वेग, उतरण्याची गति, चाकें, पंखांच्या झडपा, सर्व कांहीं जेथल्या तेथें असावें, असा दंडक आहे. मोठें जेट विमान उतरतांना ताशीं सुमारें २६० किलोमीटर वेगानें जात असतें; म्हणजे जमिनीवर टेकण्यास एका सेकंदाचा उशीर झाला कीं सत्तर मीटर धावपट्टी मागें पडली! वेग अधिक असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो.

२२ मे २०१० रोजीं मंगळूर येथें हेंच घडलें. दुबईहून आलेलें एअर इंडिया एक्सप्रेसचें बोइंग ७३७ प्रमाणाबाहेर उंच राहून आलें. तेथील धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशींत असें दिसून आलें कीं, मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच काळ झोंपेंत होता, आणि सहवैमानिकानें 'गो अराउंड' असें तीनदां सुचविलें होतें. तरीही विमान खालीं आणलें गेलें. सुमारें आठ हजार फुटांच्या धावपट्टीपैकीं पांच हजारांहून अधिक फूट ओलांडल्यावर तें टेकलें. ब्रेक लावल्यावर पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला, आणि तें दरींत कोसळून १५८ माणसें प्राणांस मुकलीं. आठ वांचलीं. वर जाण्याची योग्य वेळ टेकण्यापूर्वींची होती. नंतर ब्रेक न सोडतां थांबणें हाच मार्ग उरला होता.

सहवैमानिकाची सूचना मानली कां गेली नाहीं? मला वाटतें, याचें उत्तर मंगळुरापुरतें नाहीं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासाप्रमाणें अशा अस्थिर उतरणींपैकीं सुमारें शेंकडा ३ प्रसंगींच वैमानिक परत वर जातात. मुक्काम दृष्टीसमोर आला कीं माघार घेणें मनास जड जातें. म्हणूनच अनेक कंपन्यांनीं पुनरुड्डाणाबद्दल वैमानिकास दोष देऊं नये असा नियम केला आहे.

अर्थात् वर जाणें सर्वस्वीं निर्धोक आहे असेंही नव्हे. अंधारांत एकाएकीं वेग वाढला म्हणजे शरीरास नाक फार वर गेल्याचा भास होतो, आणि भासावर विसंबून विमान खालीं लोटलें जाऊं शकतें. २३ ऑगस्ट २००० रोजीं बहरीन येथें गल्फ एअरचें विमान पुनरुड्डाण करतांना समुद्रांत पडलें व १४३ जण मरण पावले. तपासांत या भासाचाही विचार झाला. म्हणून वैमानिकांस हा प्रसंग कृत्रिम विमानांत वारंवार घोटवून घेतात. इंधनही तसेंच बेतानें घेतात: मुक्कामापर्यंतचें, तेथून पर्यायी विमानतळापर्यंतचें, आणि त्यावर अर्धा तास पुरेल एवढें. मुंबईस जमलें नाहीं तर अहमदाबादेस जाऊन उतरावयाचें, तें याच शिदोरीवर.