गारुड्याच्या टोपलीतील नाग

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



आपल्या बडोद्यात नागपंचमी दोनदा येते. आपली श्रावण शुद्ध पंचमीला, गुजराती शेजाऱ्यांची श्रावण वद्य पंचमीला. लहानपणी आपल्याला त्याचा आनंदच वाटे. पशुवैद्यकाचा व्यवसाय पत्करल्यावर त्याची दुसरी बाजू माझ्या ध्यानी आली. एकाच गावात गारुड्याला दोन हंगाम मिळतात आणि टोपलीतल्या नागाचे हाल पंधरा दिवसांनी लांबतात.

काही वर्षांपूर्वी वद्य पंचमीनंतर वन खात्याने जप्त केलेला एक नाग उपचारांसाठी माझ्याकडे आला. लांबी साडेतीन फूट, वजन अवघे ३४० ग्रॅम. पाठीचा कणा कातडीखाली स्पष्ट उमटलेला. कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच राही. डोळ्यांवर जुन्या कातेचे पापुद्रे चिकटलेले. विषदंत उपटलेले होते, आणि तोंड दोन ठिकाणी दोऱ्याने शिवलेले होते. मधे जीभ बाहेर येईल एवढीच फट.

नाग दूध पितो, हे आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. पाहिले ते खोटे नव्हते, लावलेला अर्थ तेवढा चुकीचा होता. अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेला साप समोर येईल तो द्रव पितो. दूध हे त्याचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही, आणि श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांचा विकार जडतो. ज्याला आपण नैवेद्याचा स्वीकार म्हणत आलो, ती तहान होती.

म्हणून उपचारांचा आरंभ पाण्यापासून झाला. भूल देऊन टाके कापले, जखमा धुतल्या आणि कोमट पाण्याच्या उथळ टबात त्याला सोडले. डोके पाण्याला टेकवून तो कितीतरी वेळ पीत राहिला. जबड्याचे स्नायू संथ हलत होते, एवढीच हालचाल. भोवतालच्या मंडळींना त्याला ताबडतोब उंदीर द्यावासा वाटत होता. मी तो देऊ दिला नाही. दीर्घ उपासानंतर शरीरात पाणी आणि ऊब नसताना घातलेला घास पोटात कुजतो किंवा उलटून पडतो. सापाचे पचन भोवतालच्या उष्णतेवर चालते. त्याला आधी उबदार कोपरा हवा, लपायला अंधारी जागा हवी आणि आपली गैरहजेरी हवी. शुश्रूषा म्हणजे सतत काहीतरी करीत राहणे, अशी आपली समजूत असते. सापाच्या बाबतीत ती पुष्कळदा घातक ठरते.

तोंडातील पू हटण्यास सहा आठवडे लागले. इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी, तेही शरीराच्या पुढच्या भागात. कारण मागच्या भागातील रक्त मूत्रपिंडांतून जात असल्याने औषध वाया जाण्याचा संभव असतो. त्या वेळी डोके पारदर्शक नळीत घेऊनच काम करावयाचे. (हे घरी करण्याचे काम नव्हे, हे पालकांसमोर मुद्दाम सांगतो.) डोळ्यांवरचे पापुद्रे ओढून काढण्याचा मोह आवरावा लागतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि ओढताना तोच फाटतो. आम्ही ओलावा वाढवला आणि पुढच्या कातेची वाट पाहिली.

पालकांसाठी आणखी एक गोष्ट. उपटलेल्या विषदंताच्या मागे राखीव दात तयार असतात आणि काही आठवड्यांत ते त्याची जागा घेतात. विषाची ग्रंथी शाबूत असेल, तर ‘दात काढलेला’ म्हणून मुलांना हात लावू दिलेला नाग पुन्हा पूर्ण विषारी झालेला असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा नाग पकडणे व त्याचा खेळ करणे गुन्हा आहे. गारुड्याला दोष देऊन मात्र आपण मोकळे होऊ नये; त्याच्या पिढ्या यातच गेल्या आणि दुसरा धंदा त्याला कोणी शिकवला नाही. टोपली उघडायला लावणारा रुपया आपल्याच ओसरीवरून जातो. विश्वामित्रीच्या पुरात रस्त्यावर आलेल्या मगरीला वाट करून देणारे हे आपले गाव आहे. त्याला हे समजणार नाही असे मला वाटत नाही.

पहिला लहान उंदीर त्याने अठराव्या दिवशी, रात्री, कोणी पाहत नसताना घेतला. नवव्या आठवड्यात डोळे निळसर झाले, आणि दहाव्यात कात पडली. नाकाच्या टोकापासून शेपटीपर्यंत ती अखंड होती, डोळ्यांच्या दोन्ही काचांसह. नवे विषदंत तोवर आले होते. ग्रंथीही काम देत होत्या. त्याला मुळात कोठून पकडले, हे गारुड्यालाही सांगता येईना. तेव्हा जागेचा निर्णय वन खात्याने केला, आणि संध्याकाळी शेताच्या बांधाजवळ, उंदरांची बिळे असलेल्या ठिकाणी, पिशवी उघडली. कागदावर वजन लिहिले ५२० ग्रॅम. खाली मी सही केली.