श्वास आणि खिन्नता
(महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



या मंगल दिवशी मी आनंदाचेच चार शब्द बोलावेत, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु जे या मंडपात येऊ शकले नाहीत, त्यांच्याविषयी बोलण्याची मला अनुज्ञा असावी. देवळाच्या पायऱ्या चढताना ज्यांना धाप लागते, ते प्रथम मागच्या बाकावर बसू लागतात, पुढे केवळ सणावारी येतात, आणि अखेरीस पवित्र कम्युनियन त्यांच्या घरी न्यावे लागते.

फुप्फुसांचा हा जुनाट रोग, ज्यास डॉक्टर लोक सी.ओ.पी.डी. म्हणतात, विडी-सिगारेटच्या धुराने होतो, तसाच जन्मभर चुलीचा धूर गिळलेल्या स्त्रियांनाही होतो. २०२१ या एका वर्षी त्याने जगात सुमारे ३५ लक्ष माणसे नेली. त्याच्या मागोमाग दुसरा एक रोग चोरपावलांनी घरात शिरतो, आणि त्यास आपण रोग मानीतच नाही. तो म्हणजे खिन्नता, ज्यास हल्ली डिप्रेशन म्हणतात.

एका वृद्ध भगिनीकडे मी दर महिन्यास जात असे. ती म्हणे, "फादर, आता मी कोणाच्या उपयोगाची?" मी तिला धीराचा व प्रार्थनेचा उपदेश करी. उपदेश वाईट नव्हता, परंतु अपुरा होता, हे मी आज आपणांसमोर कबूल करतो. तिने पंप ओढणे सोडले होते, अन्न टाकले होते. मी त्यास वार्धक्य समजलो. शेवटी सुनेने ते डॉक्टरांच्या कानी घातले. त्यांनी प्रथम दोनच प्रश्न विचारले: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहते काय? पूर्वी ज्यात गोडी होती, त्यातली गोडी गेली आहे काय? दोन वर्षे मी तिच्या खाटेशी बसलो, पण हे मला सुचले नाही.

थकवा, निद्रानाश व अरुची ही दोन्ही रोगांत सारखीच असल्यामुळे दुसरा रोग पहिल्याच्या आड लपतो. धापेच्या भयाने मनुष्य बसून राहतो. बसून स्नायू दुबळे होतात. मग थोड्या हालचालीनेही अधिक धाप लागते, आणि मन आणखी खचते. यास्तव जाणत्यांच्या देखरेखीखाली सहा-आठ आठवडे केलेला चालण्याचा व श्वास सावरण्याचा व्यायाम दम आणि मन या दोहोंस हितकारक ठरतो. भयाचे विचार ओळखण्यास शिकविणारे समुपदेशनही काहींस उपयोगी पडते. खिन्नतेवरील गोळ्या द्याव्यात की नाही, हे डॉक्टरांनी ठरवावे; त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात, आणि त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मात्र त्या धापेवरचे औषध नव्हेत. त्यांपैकी मिर्टाझापिन या गोळीने धाप कमी होत नाही, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. शेजाऱ्याच्या डबीतली झोपेची गोळी तर कदापि घेऊ नये. अशा काही गोळ्यांनी श्वासच मंदावतो. ज्यांना कोणापाशी बोलवत नाही, त्यांच्यासाठी सरकारने २०२२ साली सुरू केलेला टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य आहे.

त्या भगिनीचा खोकला गेलेला नाही, जाणारही नाही. परंतु गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा खाट रिकामी होती. ती शेजारच्या ओटीवर वाल सोलीत बसली होती, आणि मलाच तेथवर चालत जावे लागले.