ओलीस ठेवलेला मुलगा : दासोपंत



तुरुंगाचा आणि धर्मग्रंथाचा संबंध काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. रशियातल्या डोस्टोव्हस्कीचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. 1849 साली झारच्या सरकारने त्याला पकडले. अपराध काय, तर मित्रमंडळीत एक बंदी घातलेले पत्र मोठ्याने वाचून दाखविले. डिसेंबरात त्याला वधस्तंभापाशी नेले, शिपायांनी बंदुका रोखल्या, आणि मग शिक्षा बदलल्याचा हुकूम वाचून दाखविला. पुढची चार वर्षे ओम्स्कच्या तुरुंगात पायात बेड्या. वाटेत तोबोल्स्कला, पूर्वीच्या बंडवाल्यांच्या बायकांनी त्याला ख्रिस्ताच्या नव्या कराराची एक प्रत दिली होती, ती त्याने मरेपर्यंत जपली. क्रांतीच्या गप्पा मारणारा तरुण आत गेला आणि ईश्वराच्या प्रश्नाने झपाटलेला लेखक बाहेर आला.

आपल्याकडचे उदाहरण विचारले तर कोणीही चटकन लोकमान्यांचे नाव घेईल, आणि ते योग्यच आहे. 1908 च्या जुलैत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, गोळ्या खाल्ल्या. त्या वेळी कामगारांची धड संघटना नव्हती. मंडालेत 1910-11 च्या हिवाळ्यात टिळकांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले, ते 1915 साली छापून निघाले. पण टिळकांवर या महाराष्ट्रात दर वर्षी दोनशे व्याख्याने होत असतील, त्यात माझी एक भर कशाला? मला बोलायचे आहे ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाविषयी. त्याची समाधी अंबाजोगाईला आहे, आणि तो लहानपणी राजकैदी होता. ही गोष्ट भाविकांना ठाऊक असते, पण ते तिच्याकडे त्या नजरेने पाहत नाहीत.

दासोपंतांचा जन्म 1551 चा, बिदरजवळच्या नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत हे तिथले देशपांडे. देशपांडे म्हणजे महसुलाचा हिशेब ठेवणारा आणि तो वर पोचविणारा वतनदार. बिदरला तेव्हा बरीदशाही होती. पुढे काय घडले ते चरित्रकारांनी नंतर सांगितले आहे, तेव्हा परंपरा म्हणूनच ते सांगतो. पाऊस पडला नाही, वसूल आला नाही, बाकी तुंबली. दरबाराने दिगंबरपंतांना बोलाविले, आणि बाकी फिटेपर्यंत त्यांचा लहान मुलगा ओलीस ठेवून घेतला. मुदत एक महिन्याची. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर मुलाला मुसलमान करू, अशी धमकी.

या धमकीवर आजकाल फार जोर देतात. मला त्यातली बाकी जास्त महत्त्वाची वाटते. दरबाराला पोराच्या धर्माशी कर्तव्य असते तर महिन्याची मुदत कशाला दिली असती? त्यांना पैसा हवा होता, आणि बापाच्या काळजात नेमके कुठे दाबले म्हणजे पैसा बाहेर पडतो हे त्यांना ठाऊक होते. आणि एक गोष्ट आपणही मनात ठेवली पाहिजे. देशपांड्यांचे पोर बिदरला अडकले, म्हणून त्याचे चरित्र झाले. नारायणपेठच्या कुणब्याच्या घरातून त्या साली काय काय ओढून नेले, त्याचे चरित्र कोणी लिहिले नाही.

मुलाने दत्ताचा धावा केला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी एक माणूस दरबारात आला, त्याने थैली ओतली, पावती घेतली आणि तो निघून गेला. नाव विचारले तर दत्ताजी पाडेवार, देशपांड्यांचा चाकर. आजच्या तरुणांना पाडेवार माहीत नसेल. गावकीत निरोप नेणारा, वसुलाच्या वेळी धावाधाव करणारा, गावाबाहेर राहणारा तो महार वतनदार. मंगळवेढ्याच्या दामाजीच्या गोष्टीतही विठ्ठल असाच विठू होऊन बिदरलाच थैली घेऊन जातो. दोन्ही गोष्टी दुष्काळाच्या, दोन्ही बिदरच्या, आणि दोन्हींत देवाला सोंग घ्यायला सापडले ते गावातल्या सर्वांत खालच्या माणसाचे! सावकाराचे नाही, देशमुखाचे नाही. लोकांनी ही गोष्ट रचली असेल तर रचणाऱ्यांना एवढे नक्की माहीत होते, की मैलोगणती चालत जाऊन दुसऱ्याचे ओझे पोचविण्याचे काम गावात कोण करतो. चमत्कारावर आपला विश्वास असो वा नसो, ही साक्ष मोलाची आहे.

मी पंचवीस-तीस वर्षे ऊसतोड कामगारांत काम करतो. आपल्या जिल्ह्यातून दर साली दिवाळीच्या सुमारास किती बिऱ्हाडे कारखान्यांकडे जातात हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यावर मुकादमाची उचल. उचल फिटली नाही तर पुढच्या सालाला बांधून. काही वर्षांपूर्वी एका मुकादमाने असेच एका कोयत्याचे बारा वर्षांचे पोर ठेवून घेतले होते. मायबाप आजारी पडून अर्ध्या हंगामात गावी परतले, उचलीतले काही हजार अंगावर राहिले. पोर गोठ्यात शेणाला लावलेले. आम्ही पाच-सहा जण गेलो, पोलिसांतून अर्ज केला, दोन दिवस दारात बसलो, आणि पोर आणले. येताना ते मोटारीत एक शब्द बोलले नाही. मी त्याला विचारले, ‘भूक लागली का रे?’ त्याने मान हलविली, आणि एवढेच. दासोपंतांचे चरित्र पूर्वी दोनदा वाचले होते. त्या दिवसानंतर वाचले, तेव्हा महिनाभर बिदरला बसलेल्या मुलाने काय काय ऐकले असेल, रोज कोणती तारीख मोजली असेल, याचाच विचार डोक्यात राहिला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मुलगा घरी आला, लग्न झाले, पण मन संसारात रमेना. घर सोडून माहूरला गेले, तिथे बारा वर्षे तप केले असे सांगतात. मग गोदावरीकाठी राक्षसभुवनला आले, ते आपल्या गेवराई तालुक्यातले. शेवटी अंबाजोगाईला येऊन राहिले ते 1615 च्या सुमारास देह ठेवीपर्यंत.

आणि तिथे लिहिले. किती लिहिले? ‘गीतार्णव’ हा गीतेवरचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. गीतेचे श्लोक सातशे. म्हणजे सरासरीने श्लोकामागे पावणेदोनशेच्या वर ओव्या. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास आहे, त्यावरून कल्पना करा. रोज पन्नास ओव्या लिहिल्या, एक दिवस खाडा केला नाही, तरी जवळजवळ सात वर्षे लागतील. आणि हा एकच ग्रंथ, पदे आणि इतर रचना वेगळ्या. रोज एका ढब्बूची शाई त्यांना लागे अशी दंतकथा आहे. विद्वान म्हणतात की फार पाल्हाळ आहे, ज्ञानेश्वरांची सर नाही. खरे आहे. मी त्यातला थोडासाच भाग वाचू शकलो, आणि पुष्कळदा कंटाळलोही. पण तुरुंगातून सुटलेल्या माणसांची एक जात मी पाहिलेली आहे, जिला थांबून चालत नाही. हात चालू राहिला पाहिजे. डोस्टोव्हस्की तसाच. पान संपले की दुसरे पान.

आता कोणी विचारील, की ओलीस राहिलेल्या माणसाने महसुलाच्या जुलमावर का नाही लिहिले? गीतेवरच का? आमच्या चळवळीतली तरुण पोरे मला हेच विचारतात. त्यांना मी सांगतो, की ज्याचा जीव एका रकमेला गहाण पडला होता, त्याला पुढे जन्मभर एकच प्रश्न पडू शकतो : ज्याला किंमत लावता येत नाही असे माझ्यात काही आहे की नाही? आम्ही संघटनावाले हा प्रश्न मजुरीच्या दराच्या भाषेत विचारतो. त्यांनी तो आत्म्याच्या भाषेत विचारला. माझे मत असे, की दर ठरविण्याच्या बैठकीत त्यांची भाषा कामाची नाही. पण मोटारीत न बोलणाऱ्या त्या पोरापुढे आमचीही भाषा कामाला आली नाही, हे मी पाहिले आहे.

एक वस्तू मात्र आपण सर्वांनी पाहावी. दासोपंतांची पासोडी. सुमारे चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद असे जाड कापड, आणि त्यावर पंचीकरणाचा विषय, म्हणजे पंचमहाभूतांतून हे शरीर कसे बनले त्याचे विवरण, ओव्यांत आणि आकृत्यांत लिहिलेले. पासोडी म्हणजे काय? थंडीत गरीब माणूस अंगावर घेतो ते जाडेभरडे पांघरूण. आमची माणसे फडावर कोपीत पोरांवर घालतात तेच. चारशे वर्षांपूर्वी अंबाजोगाईत एक माणूस ते जमिनीवर अंथरून, गुडघ्यांवर सरकत सरकत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिहीत गेला. आखणी सरळ, अक्षर ठसठशीत.