कोवळ्या फलंदाजाला केव्हा उतरवावे?



भाताची लावणी केव्हा करावी, हे नवलाख उंबरे येथे येऊन मी सांगणे म्हणजे धाडसच! घाई केली तर कोवळे रोप पाण्यात तग धरीत नाही. फार थांबलो तर ते वाफ्यातच जून होते आणि फुटवे कमी येतात. तरुण फलंदाजाला भेदक गोलंदाजीपुढे केव्हा उभे करावे, हा प्रश्न याच जातीचा आहे.

सचिन तेंडुलकरांचे उदाहरण घ्या. 1987 साली, चौदाव्या वर्षी, मुंबईच्या रणजी संघात त्यांचे नाव आले. पण खेळणाऱ्या अकरांत त्यांना घेतले नाही. वर्षभराने, 11 डिसेंबर 1988 रोजी, गुजरातविरुद्ध त्यांना उतरवले आणि त्यांनी नाबाद 100 धावा केल्या. पुढे 1989 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांचा विचार झाला. समोर मार्शल, अँब्रोज, वॉल्श, बिशप! निवड समितीने त्यांना मागे ठेवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र पाकिस्तानला पाठवले. तेथे इम्रान आणि अक्रम होते. म्हणजे सोप्या गोलंदाजीची वाट कोणी पाहिली नव्हती.

कराचीच्या पहिल्या कसोटीत तेंडुलकर पंधरा धावांवर वकार युनूसच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाले. येथेच निवडणाऱ्यांची खरी परीक्षा होती. त्यांना वगळले नाही. फैसलाबादला 59 धावा आल्या. सियालकोटला 4 बाद 38 अशी अवस्था असताना वकारचा चेंडू नाकावर बसला, रक्त आले. तरी मुलगा मैदान सोडून गेला नाही. त्याने 57 धावा केल्या. दुसऱ्या टोकाला सिद्धू होते. दोघांनी 101 धावांची भागी केली. नवा खोंड जुन्या बैलाशेजारी जुंपतात, तो याचसाठी!

आता दुसरी बाजू. 1988 साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी शालेय सामन्यात 664 धावांची भागी केली, तेव्हा अमोल मुझुमदार पॅड बांधून पाळीची वाट पाहत बसले होते. 1994 साली रणजी पदार्पणातच त्यांनी 260 धावा काढल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा झाल्या. पण भारतासाठी एकही कसोटी वाट्याला आली नाही. पुढे मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आले आणि जागाच उरली नाही. 2025 साली भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. गुण वाया गेले नाहीत. पण फलंदाजाची लावणी राहून गेली ती गेलीच.

म्हणून वडीलधाऱ्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. खालच्या पायरीवर त्याने धावा केल्या आहेत काय? दुसऱ्या टोकाला सांभाळणारा कोणी आहे काय? आणि पहिल्या डावात तो पडला, तर दुसरी संधी देण्याची आपली तयारी आहे काय?

तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याला पाठवू नये. कारण तेव्हा कच्चा तो मुलगा नसतो. कच्चे आपण असतो.