रुग्णाची गोष्ट रुग्णाचीच

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मंडपात आरोग्यावर एक व्याख्यान होतंच. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे विषय होऊन गेले. यंदा मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आजारांवर डॉक्टर बोलतील. मी नर्स आहे, मी आमच्या पेशाच्या एका नियमावर बोलते. नियम साधा आहे. रुग्णाबद्दल आम्हाला जे कळतं, ते त्याच्या मालकीचं असतं. आम्ही ते फक्त सांभाळतो.

एक आधीच सांगून टाकते. नर्स बोलायला उभी राहिली की वॉर्डातले किस्से ऐकायला मिळणार, असं वाटतं. ते आज मिळणार नाहीत. चेन्नईतली आपली मराठी घरं एकमेकांना इतकी ओळखतात की नाव-गाव बदललं तरी 'मुलगा परदेशी, सून तमिळ, मागच्या दिवाळीत ऑपरेशन' एवढ्यावर तुम्ही माणूस ओळखाल. म्हणून उदाहरणं देईन ती कायद्यातली, कोर्टातली आणि तुम्ही मला विचारता त्या प्रश्नांची.

ते प्रश्न मला पाठ आहेत. "ताई, काकांना नक्की काय निघालं हो?" "त्यांच्या मुलीला कशासाठी ठेवलंय?" मंगळागौरीला विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, भाजी घेताना विचारतात. यात वाईट हेतू नसतो. परप्रांतात मंडळ हेच आपलं गणगोत. डबा पोचवणं, रात्री दवाखान्यात बसणं, रक्त देणं, हे सगळं आपण एकमेकांसाठी करतो. मग विचारायचा हक्क आहे असं वाटणं साहजिक आहे. पण मायेने विचारलेली गोष्ट चार घरं फिरली की तिचा रंग बदलतो. क्षयाची औषधं पूर्ण करून ठणठणीत झालेल्या मुलीचं स्थळ त्या एका वाक्यावर मोडू शकतं. मनाच्या आजाराची गोळी घेणाऱ्याला घर भाड्याने मिळेनासं होऊ शकतं. सांगणारी मात्र "मी फक्त काळजीपोटी बोलले" म्हणून मोकळी होते.

आमच्या पेशात याची शपथ आहे. हातात दिवा घेऊन विद्यार्थिनी म्हणतात ती. नाव फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंचं असलं तरी ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली. रुग्णाची खाजगी आणि घरगुती बाब उघड करणार नाही, असं वचन तिच्यात आहे. जगभरच्या परिचारिकांच्या संघटनेने १९५३ मध्ये आचारसंहिता स्वीकारली, ती वेळोवेळी सुधारली गेली, २०२१ मध्येही सुधारली. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने २००६ मध्ये आचारसंहिता काढली. सगळीकडे गुप्ततेचं कलम आहे.

आता कोर्टातली गोष्ट. नागालँडमधले एक डॉक्टर १९९५ मध्ये एका रुग्णासोबत आपल्याच या शहरात आले होते. त्यांनी रक्त दिलं आणि तपासणीत एचआयव्ही निघाला. त्यांचं लग्न ठरलेलं होतं. बातमी बाहेर गेली, लग्न मोडलं, समाजाने पाठ फिरवली आणि त्यांना गाव सोडावं लागलं. त्यांनी रुग्णालयावर दावा लावला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की गुप्ततेचं कर्तव्य खरं, पण ते निरपवाद नाही. नियोजित वधूच्या जिवाला धोका होता, म्हणून रुग्णालयाला दोषी धरता येणार नाही.

हा निकाल ऐकून कोणी म्हणेल, मग सांगायला हरकत काय? पुढचं ऐका. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की जोडीदाराला कल्पना देण्याचा अधिकार फक्त डॉक्टर आणि समुपदेशक यांना आहे. तेही रुग्णाला आधी समजावून, तो स्वतः सांगणार नाही याची खात्री झाल्यावर आणि आपण सांगणार आहोत हे त्याला कळवून. वॉर्डातल्या नर्सला हा अधिकार नाही. शेजारणीचा तर प्रश्नच येत नाही. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातही गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय इतर कोणाला त्या स्त्रीचं नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपल्यासारख्यांच्या घरात यापेक्षाही नाजूक एक प्रसंग येतो. साताऱ्याहून, अकोल्याहून आई मुलाकडे येते आणि आजारी पडते. तिला तमिळ येत नाही, इंग्रजी येत नाही. मग मराठी नर्सला दुभाषी म्हणून बोलावतात. डॉक्टर विचारतात, लघवी कपड्यात होते का, जेवण वेळेवर मिळतं का, अंगावर हा वळ कसला? मुलगा शेजारी उभा राहून परस्पर उत्तरं देतो. अशा वेळी मी म्हणते, "दादा, पाच मिनिटं बाहेर थांबता का?" काही जणांना राग येतो. पण सुनेसमोर, मुलासमोर जे ती बोलणार नाही, ते तिला बोलता आलं पाहिजे. आई जे म्हणेल ते पदरचं न घालता, काही न गाळता डॉक्टरांना सांगायचं, आणि डॉक्टरांचं तिला सांगायचं. दाराबाहेर आल्यावर मुलाला त्यातलं काय कळवायचं, हे आईने ठरवायचं.

उलट बाजूही आहे. "बाबांना कॅन्सर आहे हे सांगू नका, खचून जातील," असं घरचे विनवतात. आणि रात्री दोन वाजता बाबाच विचारतात, "सिस्टर, मला नक्की काय झालंय?" निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम. पण खोटं बोलण्याची सूट मला कोणी दिलेली नाही. मी त्यांच्याजवळ बसते, त्यांना काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय ते ऐकते आणि सकाळी डॉक्टरांना सांगते की रुग्ण स्वतः विचारतो आहे. कोणी म्हणतो, "मला नको, मुलालाच सांगा." तोही त्याचाच हक्क. हे मुलाने परस्पर ठरवायचं नाही, एवढंच.

मात्र गुप्तता म्हणजे मूग गिळून बसणं नव्हे. चुकीचं औषध दिलं गेलं तर ते लगेच वरिष्ठांना सांगावं लागतं, मग चूक स्वतःची असो की मैत्रिणीची. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून सरकारला कळवणं बंधनकारक आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हे बंधन केवळ आमच्यावर नाही, तुमच्यावरही आहे. ज्याच्या हातात उपाय आहे त्याला सांगायचं. ज्याच्या हातात फक्त चर्चा आहे त्याच्याकडे गप्प राहायचं.

आपल्या मंडळाकडे माझं एक मागणं आहे. व्हॉट्सॲपच्या गटावर कोणाचा रिपोर्ट, अतिदक्षता विभागातला फोटो टाकू नका. रक्त हवं असेल तर रक्तगट, रुग्णालय आणि संपर्काचा फोन एवढं पुरतं, आजाराचं नाव लागत नाही. वर्गणी गोळा करायची असेल तर आधी रुग्णाला विचारा, त्याने मजकूर वाचून होकार दिला की मगच टाका, आणि काम झालं की काढून टाका.

आणि उद्या मी वाटेत भेटले, तर काका कसे आहेत हे मला विचारू नका. डबा घेऊन त्यांच्याकडेच जा, त्यांना बरं वाटेल. सांगायचं असेल तर ते सांगतील. तुमच्याबद्दल कोणी मला विचारलं, तर त्यालाही हेच उत्तर मिळेल.

गणरायाने सर्वांना निरोगी ठेवावं, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!