जाहिरातीआधी दुरुस्ती



२००३ च्या दिवाळीआधी मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटांत अळ्या सापडल्या. ऐन सणात खप घसरला. दोष दुकानातल्या साठवणीचा, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही जानेवारी २००४ मध्ये तिने घट्ट बंद केलेले नवे वेष्टन आणले आणि त्याची ग्वाही अमिताभ बच्चन यांनी जाहिरातीतून दिली. गिऱ्हाईक परत आले.

तेव्हा बातमी वृत्तपत्रांतून, टीव्हीवरून पसरे. आज तक्रारीचा फोटो तासाभरात मोबाईलवरून गावभर होतो. परप्रांतात धंदा करणाऱ्या आपल्या मंडळींची पत तेवढ्यातच जाऊ शकते. म्हणून तक्रार पुसू नका. त्याच दिवशी उत्तर द्या, माल बदलून द्या. जनसंपर्क म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे.

गणपती बाप्पा मोरया!